काढलेल्या नावाची जागा

मरोळ,
नोव्हेंबर १९८६

प्रिय वसुधा,

आठ महिन्यांनी माझं अक्षर बघून पत्र फाडावंसं वाटेल. फाड, पण वाचून फाड. मी बरा आहे. कॉलेज सोडल्यावर इथे मरोळला एका गाळ्यात लागलो. खाली प्लॅस्टिकच्या बादल्या बनतात, वर आम्ही तिघं कॉम्प्युटरसाठी एक छोटी भाषा बनवतो. साध्या कारकुनालाही स्वतःचा प्रोग्राम लिहिता यावा अशी. तिच्यात शब्दांच्या याद्या कशा ठेवायच्या, हे माझ्याकडे आहे. हसू नकोस. झकास काम आहे.

आकडे सगळे सारख्या खणात मावतात गं, शब्दांचं तसं नाही. एक उमा असते, एक सुलक्षणा. सारखे खण दिले तर उमाच्या खणात वारा खेळतो आणि सुलक्षणाची शेपटी तुटते. म्हणून मी खणच काढून टाकले. शब्द एकापुढे एक ठेवले आणि कुठला कुठे सुरू होतो, तेवढीच वेगळी नोंद केली. दुपारी खालच्या यंत्राची धडधड अंगात चढते, पडद्यावर हिरवी अक्षरं तरंगायला लागतात आणि मला मनोरीचा किनारा दिसतो. आपल्या वर्गाची सहल, बांबूंना बांधलेल्या दोऱ्या, त्यांवर वाळणारे बोंबील. तू त्यातला एक ओढून काढलास, तर कोळीणमावशी केवढी ओरडली! बाकीचे नुसते हलले, जागचे सरकले नाहीत. मधे बोटभर आकाश उघडं पडलं. तू त्याच्याकडे बघत राहिलीस, मी तुझ्याकडे. होडी सुटायची वेळ झाली तरी.

ते तेव्हाच लक्षात ठेवायला हवं होतं. यादीतून एक नाव काढलं की मागची सगळी पुढे सरकवायची, असं मी ठरवून टाकलं होतं. टायपिंग करणाऱ्या सुगंधाताई म्हणाल्या, अरे, पण त्यांचे नंबर बदलतील ना? मी ऐकतोय कुठला! घाटकोपरच्या एका शाळेची बक्षिसांची यादी करून बघत होतो. नावं एका यादीत, बक्षिसं दुसरीत, जोडायला फक्त नंबर. एका मुलाने शाळा सोडली, त्याचं नाव मी काढलं. मागची नावं एकेक घर पुढे आली, बक्षिसं मात्र जागच्या जागी. कागद छापून आला आणि ताई खो खो हसायला लागल्या. त्यांची भाची चंपा त्याच शाळेत आहे. पाय प्लास्टरमध्ये आणि धावण्यात पहिली! काय रे, म्हणाल्या, हिला कुणी उचलून पळवलं?

मी भडकलो. तुम्हीच चुकीचं टाईप केलंत, असा ओरडलो की खालचे कामगार जिन्यात आले.  ताईंनी चष्मा पुसला आणि बेचाळीस नावं पुन्हा टाईप करायला बसल्या. पुन्हा चंपाच पहिली. वाट लागली माझी. कानशिलं तापली होती, पण म्हटलं, ताई, चूक माझी आहे. त्या म्हणाल्या, मग तोंड काय पाडतोस, चहा सांग. एवढंच! जन्मात पहिल्यांदा ते शब्द बोललो आणि छप्पर पडलं नाही. आता आमच्या भाषेत काढलेल्या नावाची जागा तशीच रिकामी राहते. कुणी कुणाच्या नंबरावर सरकत नाही.

खरं तर हे पत्र याद्यांसाठी नाही. तुमच्या मुलुंडच्या जिन्यात तुझ्या बाबांनी मला एकच प्रश्न विचारला होता, शिक्षण सोडलंस, पुढे काय करणार? मला त्यात टोमणा ऐकू आला आणि मी जे बोललो ते अख्ख्या बिल्डिंगने ऐकलं. तू दारामागे होतीस. नंतर तू म्हणालीस, त्यांची माफी माग, मग मला भेट. मी तुझ्यावरही चिडलो. येत्या रविवारी चार वाजता मी येतोय. तुला मागायला नाही, त्यांची माफी मागायला. बाबांना आधी सांगून ठेव, दार उघडल्यावर दचकायला नकोत. आणि ते बोलायला लागले तर तू मधे पडू नकोस, वसू. त्यांचं बोलणं संपेपर्यंत मी उभा राहणार आहे.

अजूनही तुझाच,
दशरथ