निरोग्यांच्या डब्यातली नळी

९ डिसेंबर
सायली आली! नात घरात असली की मला दोन घास जास्तीच जात्यात. पुण्यात रक्तावर अभ्यास करती. आमच्या डिंगोरे गावातल्या बीपीवाल्यांच्या रक्ताच्या नळ्या एका डब्यात, धडधाकटांच्या दुसऱ्यात. माझी पयल्यात. माझ्या सुनंची म्हंजे मंदाची, अन् सायलीची सवताची दुसऱ्यात. एवढं रक्त कशाला लागतं म्हणते मी? बाजारात इकती की काय...

१० डिसें.
इचारलंच. "आजी, रक्ताच्या पेशींना बारीक दारं असतात, त्यातून कॅल्शियम आत जातं. बीपीवाल्यांच्या पेशीत ते जास्त शिरतं का, ते बघतोय." म्हंजे खेकड्यानं भातखाचराच्या बांधाला बीळ पाडावं तसं. "मंग नाचणी बंद करू? टीव्हीवाले म्हणत्यात तिच्यात लई कॅल्शियम." पोट धरून हसली. "नाचणी खा गं. सांडगी मिरची बंद कर." मिरचीचं हिला कुणी सांगितलं? मंदानंच.

१२ डिसें.
सायली परसात हळू आवाजात फोनवर. मी भिताडाआड मेथी निवडत व्हते. "सर, माझी नळी निरोगींतून काढा. मी आता त्यात बसत नाही." मला बघितलं अन् फोन ठेवला. म्हणली, रेंज न्हाई. मगाशी बरी व्हती रेंज! अन् परवा लोणी गावचं पावणं हिला बघायला येणार.

१३ डिसें.
धरलीच. "खरं सांग."
"दोनदा मोजलं आजी, बीपी जास्तच आलं. डॉक्टरांना दाखवायचंय. आईला बोलू नको. ती म्हणेल, आधी सोयरीक होऊ दे."
मंदा तसंच म्हणंल, खरं हाय. एवढी गुणाची पोर, अन् दारं माझ्यावानी सैल. मी व्हय म्हणले न्हाई, न्हाई बी म्हणले न्हाई.

१४ डिसें.
पावणं येऊन गेलं. पोरगा बरा, उगं बोलत न्हाई. आई लई चौकस. "मुलीला काही दुखणं?" मंदा म्हणली, "ठणठणीत हाय." तवर सायली, "काकू, माझं बीपी जास्त आलंय. तपासणी करायचीय." मंदानं घाईनं कपबशा पुढं केल्या. मला आतून लई आनंद झाला, तोंडावर दिसू दिला न्हाई.
पोरगा म्हणला, "बीपीचं मशीन आहे का इथं? आईचं पण बघा की."
"माझं कशाला? मला काय झालंय?" बाईनं दंडावर पदर ओढला.
कळवतो म्हणून गेलं. मंदा माझ्याशी बोलंना, तिला वाटतंय मीच पोरीला शिकवलं. वाटू दे.
मी मघाधरनं एकच इचार करतेय. त्या बाईनं पट्टा बांधायचा दंड का झाकला?