रेडकूचा पाय आणि माझा शर्ट

ता. ४ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि. आणि दुसरं म्हणजे, ते शिट्टीचं पुन्हा काढायचं नाही. मागच्या पत्रात पानापानावर काढलंस. मी इकडून फोनवर शिट्टी मारली, मान्य. पण तू तिकडे जिन्यात फोनचा आवाज मोठा करून उभी होतीस आणि रेडकूला मोकळं सोडलं होतंस, त्याचं काय? पाच महिन्यांचं कुत्र्याचं पोर ते. त्याला वाटलं, मी खाली दारात आलोय. मारली उडी. पाय मोडला त्याचा आणि बंदी आली माझ्यावर! फोन बंद करून कपाटात टाकलास, का तर नुसती रिंग वाजली तरी तो उठून धडपडतो. बरं, दुकानात जाऊन तिथून फोन कर म्हटलं, तर लिहितेस की फोनवर तू माझं एक वाक्य पुरं होऊ देत नाहीस, कागदावर निदान दम खाशील. हा घे, खातोय दम. एवढ्यातच बोटं आखडली. शाळा मी ज्या कामापायी सोडली तेच काम तू मला लावलंस.

आता मुद्द्याचं. एवढ्या मोठ्या जातीचं कुत्रं स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात कोंडून ठेवायचं, ही कुठली डॉक्टरीण? दीड महिना पळायचं नाही, उडी नाही, जिना नाही, खेळ नाही. मग त्याने करायचं काय, पोथी वाचायची? त्याची आई आमच्या साइटवर रखवालीला आहे. ती रात्रभर चकरा मारते, दिवसा वाळूच्या ढिगावर चढून बसते. तिचं पोर आहे ते, मीच घरी आणून दिलेलं. मी म्हणतो, दिवसातून दहा मिनिटं गच्चीवर सोड. पाय मोकळा होईल. आमच्यातला एकजण परांचीवरून पडला होता, तो पंधराव्या दिवशी लंगडत कामावर आला.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात मला रजा मिळतेय. मुकादमाने तोंडाने कबूल केलंय. मग मीच त्याला उचलून खाली नेत जाईन, तुम्ही दोघी बघत बसा.

आईला नमस्कार. रागावलीस तर रागाव, पण उत्तर पाठव.

तुझा
भिंगरी

ता. ११ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद, आणि त्यातले दोन-चार तुझ्या डोक्यात जावेत अशी इच्छा.

गच्चीवर सोडायचं म्हणतोस. आधी त्याला खाली नेते कशी ते ऐक. जुन्या चादरीची झोळी करून पोटाखाली घालते, पुढचा भाग माझ्या कडेवर, मागचे पाय लोंबकळतात. तीन मजले. जाताना आणि येताना. दिवसातून चारदा. गळ्यात ते प्लास्टिकचं मोठं नरसाळं बांधलंय, नाहीतर पायाच्या फळ्या चावून काढतो. ते नरसाळं प्रत्येक वळणावर माझ्या दातांवर आपटतं. खाली नेलं की साहेब इकडेतिकडे बघतात, वास घेतात आणि काही न करता वर यायला तयार. वर आलं की लगेच आईच्या पायपुसण्यावर.

पिंजरा म्हणजे काय, तर तुझी खाट कडेवर उभी केलीय आणि दुसऱ्या बाजूला कपड्यांचा घोडा. शिवणाचं मशीन त्याच्या शेजारी ओढून घेतलंय, कारण मी नजरेआड झाले की तो भोकाड पसरतो. उशांच्या अभ्र्यांची मोठी ऑर्डर आहे. पायडल मारायला पाय उचलला की त्याला वाटतं खेळ सुरू झाला. अर्धे अभ्रे उसवले, उरलेल्यांवर लाळ. गिऱ्हाईक परवा येऊन चार माणसांत बोलून गेलं.

डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते मागे लिहिलं होतं, तू वाचलं नाहीस, म्हणून पुन्हा लिहिते. अशा जातीचं पिल्लू महिन्यामहिन्याला वाढतं आणि हाड अजून कोवळं आहे. जागेवर राहिलं तर जुळेल. सरकलं तर आत धातूची पट्टी घालायची, आणि तीही धरली नाही तर पाय काढावा लागेल. पुढचा पाय. एवढं मोठं धूड तीन पायांवर या तीन मजल्यांच्या घरात राहू शकत नाही. मग त्याला कोणाला तरी देऊन टाकायचं, किंवा काय ते तूच समज.

एक उपाय सापडलाय. तू गेलास तेव्हा खिळ्यावर तुझा करडा शर्ट राहिला होता, कॉलर काळी झालेला. तो त्याने खेचून घेतला, त्यावर नाक ठेवलं आणि गप्प झोपला. तेव्हापासून शर्ट पिंजऱ्यात आहे. आई नाक मुरडते, पण मी ऐकत नाही.

आता रागावू नकोस. मार्चमध्ये येऊ नकोस. तुला बघितलं की तो खाट तोडून येईल. आणि आज लिहायला घेतलंच आहे तर हेही लिहिते. तू येतोस ते परतीचं तिकीट खिशात घालूनच. दोन दिवस त्याला नाचवतोस, तिसऱ्या दिवशी पिशवी उचलतोस. मग तो दाराशी तोंड करून बसतो, ताटलीकडे बघत नाही. ते तुला दिसत नाही, मला दिसतं.

जपून चढत जा. आमच्यावर असाच ओरडत राहा, म्हणजे बरा आहेस हे कळतं.

तुझी
ताई

ता. १८ फेब्रुवारी

ती. ताईस,

नमस्कार. येऊ नकोस म्हणे! माझ्या घरी मी यायचं नाही आणि कारण काय, तर कुत्रा खूश होईल. हे असलं बंधन जगात कोणाला ऐकवलं तर लोक हसतील. मी खोलीतल्या वेल्डरला ऐकवलं, तो हसला.

या लांब रजेसाठी वर्षभर मुकादमाच्या पुढे पुढे केलंय. त्याचा चहा आणला, त्याच्या मेहुण्याची शिडी रंगवली. येण्याजाण्याचं भाडं डब्यात वेगळं काढून ठेवलंय. आणि परतीचं तिकीट खिशात नाही घेतलं तर काय करू? इथलं काम माझी वाट बघत बसणार आहे का? हे असलं लिहिताना तुझा हात कसा चालतो?

त्यात सोमवारी काय झालं ते ऐक. आम्ही तिसऱ्या मजल्याचा स्लॅब टाकला. तो वाळेपर्यंत खाली बल्ल्यांचे टेकू ठेवायचे असतात, हे मला काय आज कळतंय? पण रजेआधी काम संपावं म्हणून मी कडेचे दोन टेकू आधीच काढायला घेतले. वरून घट्टच दिसत होता. मुकादमाने बघितलं आणि सगळ्यांसमोर माझे सात पिढ्यांचे नातेवाईक बाहेर काढले. म्हणाला, वरून कोरडा दिसतो म्हणजे आतून धरला असं होतं का रे? मग मला काय शिक्षा दिली माहितेय? त्या स्लॅबखाली पालथ्या बादलीवर बसवलं. दिवसभर. कोणी टेकूला हात लावू नये म्हणून राखण. उठायचं नाही, काम करायचं नाही, नुसतं बसायचं. मी! दुपारपर्यंत माझ्या पायांना मुंग्या आल्या, मग डोक्याला आल्या. गाणी म्हटली, खिळे मोजले, बादलीला लाथा घातल्या. सगळे येता-जाता मला बिस्किट दाखवून च्च्‌ च्च्‌ करत होते.

तिथे बसल्या बसल्या त्या खाटेमागच्या गड्याची आठवण आली, एवढंच सांगतो. पुढे काही लिहीत नाही, नाहीतर तू लगेच म्हणशील, बघ.

गच्चीचं राहू दे. सोडू नकोस. पण मी येणार. लांबून बघेन. खालच्या रस्त्यावरून.

भिंगरी

ता. २२ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,

आईचे अनेक उत्तम आशीर्वाद. ताई माझ्याशी बोलत नाही, म्हणून हे पत्र मीच लिहायला घेतलंय. चष्मा सापडला नाही, अक्षर लावून घे.

बाळा, तुझा तो सदरा मी धुतला. घरात अन्न शिजतं आणि शेजारी तो मळका चिंधोटा. कुत्रं त्यात नाक खुपसून बसतं, ताई त्याच हाताने अभ्रे शिवते. मला राहवलं नाही. ती दोरा आणायला गेली तेव्हा काढला, गरम पाण्यात भिजवला, कॉलर ब्रशने घासली. एवढं पाणी निघालं काळं की तुला दाखवायला हवं होतं. दोन दिवस वाळवला, इस्त्री केली, घडी घालून त्याच्यापुढे ठेवला. मला वाटलं, बरं वाटेल त्याला.

त्याने हुंगला. परत हुंगला. मग नरसाळ्याने बाजूला सारला आणि माझ्याकडे असं बघितलं की काय सांगू. जसं काही मी कोणाला घरातून काढून दिलं. त्या रात्रीपासून हंबरतोय. पहाटे खाटेवर चढायला गेला, घोडा पाडला, पायाच्या फळ्या वाकल्या. ताई रिक्षा करून घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा एक्सरे काढला. हाड जरा सरकलंय. त्यांनी नव्याने बांधून दिलं आणि सांगितलं, आता मार्चच्या मध्यापर्यंत हलला नाही तर निभावेल, नाहीतर पट्टीचं बघावं लागेल.

ताई ओरडली असती तर बरं झालं असतं. मी आता दिवसभर पिंजऱ्यापाशी बसते. माझ्या गुडघ्यांचं मी बघेन. पण मी बसून त्याचं भागत नाही, त्याला तूच पाहिजेस, आणि तू आलास तर उड्या. अशी गत आहे.

तेव्हा तुझा एक सदरा पाठव. चांगला घामाचा बघून. धुऊ नकोस. हे मी तुला जन्मात पहिल्यांदा सांगतेय, आणि ताईला सांगू नकोस की मी सांगितलं.

वेळेवर जेव. तुझी
आई

ता. १ मार्च

ती. आई आणि ती. ताई,

दोघींना नमस्कार. एकच पत्र लिहितोय, एकमेकींशी बोलून वाचा.

आई, शाबास तुझी. मला शर्ट धुवायचा कंटाळा म्हणून लहानपणी तू मला हौदावर उभं करून धुतलंस, आणि आता हे. बरं जाऊ दे.

सोबत निळा शर्ट आहे. पत्र आल्यापासून अंगातून काढला नाही. त्यात सिमेंटच्या गोण्या वाहिल्या, त्यातच झोपलो. खोलीत आम्ही पाचजण, त्यांनी मला चौथ्या दिवशी उशीसकट दाराबाहेर काढलं. वेल्डर म्हणाला, कुत्र्याचं बरं होईल पण माणसं मरतील. पार्सलच्या खिडकीवरच्या माणसाने दोन बोटांनी पाकीट धरलं आणि आत काय आहे विचारलं. मी म्हटलं, औषध. त्याचा विश्वास बसला.

पिशवीतून काढलात की लगेच तोंडाशी द्या, वारा लागू देऊ नका. ताई, एक बाही फाडून वेगळी डब्यात ठेव, पहिल्याचा वास उडाला तर उपयोगी पडेल. आणि आई, साबण कुलपात ठेव.

रजा मी वेल्डरला दिली. मुकादम म्हणाला, वर्षभर मागे लागलास आणि आता नको? मी म्हटलं, आतून धरलं नाही अजून. मला राग आलाय. कोणाचा ते कळत नाही, म्हणून सगळ्यांचाच आलाय. तेवढा वाटून घ्या.

भिंगरी

ता. १७ मार्च

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद, या खेपेला सगळे खरे.

पार्सल उघडलं आणि खालच्या मजल्यावरच्या बाईंनी वर येऊन विचारलं की उंदीर मेलाय का. रेडकूने मात्र पूर्ण नरसाळं शर्टात घातलं, एक मोठा श्वास घेतला आणि आडवा झाला. तेव्हापासून हंबरणं नाही. उठायला लागला की मी शर्ट पुढे सरकवते, तो परत खाली बसतो. त्याच्या जोरावर सगळे अभ्रे शिवून झाले.

काल एक्सरे झाला. हाड धरलं. जरा तिरकं जुळलंय, धावताना थोडा लंगडेल, पण पाय त्याचाच राहील. पट्टी नको. आता दोरीने धरून रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत न्यायचं, उड्या मात्र अजून दोन महिने नाहीत. डॉक्टरीणबाईंनी पैसे सवडीने द्या म्हटलंय. आकडा तुला लिहीत नाही, कागद फाडशील.

एक सांगते, आईला कळवू नकोस. परवा दुपारी दुकानातून आले, तर आई पिंजऱ्याच्या खाटेला टेकून बसलेली. तू वेगळी ठेवायला सांगितलेली बाही डब्याबाहेर, तिच्या मांडीवर. मला बघून म्हणाली, वास उडाला का बघत होते. मी म्हटलं, उडाला का? म्हणाली, नाही अजून.

फोन कपाटातून काढून ठेवलाय, चालू केलेला नाही. तू मेमध्ये ये. मेमध्ये उड्या चालतील.

तुझी
ताई

ता. २४ मार्च

ती. ताईस,

नमस्कार. तिरकं जुळलं म्हणे! त्या गरम पाण्यामुळे जन्मभर लंगडायचं पोराने.

आता नीट ऐक. फोन एवढ्यात चालू करू नकोस. मी शिट्टी मारणार नाही असं ठरवीन, पण मला माझा भरवसा नाही. त्यापेक्षा हेच बरं. बोटं आता तितकी आखडत नाहीत. मुकादम परवा पुन्हा बादलीवर बस म्हणाला, या वेळी शिक्षा नव्हती, माणूस कमी होता. बसलो. हे पत्र तिथेच लिहितोय, टेकूला पाठ लावून. वाकडं आलंय ते त्यामुळे.

निळा शर्ट परत पाठवू नका, धुऊ तर मुळीच नका. पुढचा पाठवतोय, तो मेपर्यंत पुरवा. आईला म्हणावं, बाही तिच्याकडेच राहू दे.

मेमध्ये येतो. जिन्यावरून हाक मारणार नाही, हळू वर येईन आणि खाटेपाशी खाली बसून राहीन. त्याला माझ्यावर चढायला उडीच मारावी लागणार नाही.

आणि डॉक्टरीणबाईंचा आकडा लपवू नकोस, एक्सरे काय फुकट निघतात? डब्यात येण्याचं आणि जाण्याचं भाडं होतं. येण्याचं माझ्याजवळ ठेवलंय. परत जायच्या भाड्याचं आता मला काही काम दिसत नाही, ते सगळं तुला पाठवतोय. नऊशे वीस.