हात धुण्याचा क्रम

प्रिय पाचर,

वस्तुस्थिती क्रमाने मांडतो. मध्ये घुसू नकोस. घुसण्याच्या सवयीवरूनच कार्यशाळेने तुला हे नाव दिले आहे. एक: गेले वर्षभर माझ्या जननेंद्रियाच्या त्वचेला खाज, आग आणि लाली होती. दोन: ती आता नाही. तीन: तिचे कारण सापडले असून ते लाजिरवाणे नाही, हास्यास्पद आहे. चार: तू स्वतःचे लग्न दोनदा पुढे ढकलले आहेस, आणि माझ्या बायकोची मावसबहीण, म्हणजे तुझी नियोजित वधू, यापुढे तारीख विचारायला तोंड उघडणार नाही असे काल स्वच्छ शब्दांत सांगून गेली. चौथ्या मुद्द्याचा पहिल्या तिन्हींशी संबंध काय, असे तुझ्या मनात आले असेल. धीर धर आणि वाच.

आपल्या संग्रहालयाच्या कार्यशाळेत ते शिसवी, कोरीव कपाट दुरुस्तीला आले तेव्हाची गोष्ट. तू तुझ्या नव्या शहरातल्या नोकरीवर रुजू होऊन स्थिरावला होतास आणि तुझ्या जागी आलेल्या गृहस्थांना करवत कोणत्या बाजूने धरावी इथपासून शिकवणे माझ्या वाट्याला आले होते. त्या गडबडीत पहिली खाज सुटली. मी तिचे निदान उष्णता असे केले. ती गेली नाही, तेव्हा अस्वच्छता असे केले. अस्वच्छतेविषयी माझी मते तुला माहीत आहेत. जंतुनाशक साबणाने सकाळी घासून धुऊ लागलो, मग संध्याकाळीही, मग दुपारी कार्यालयातही. लाली वाढली. यावरून मी असा निष्कर्ष काढला की धुणे कमी पडते आहे. एकदा बायकोने न्हाणीघराच्या दारावर थाप मारून विचारले, "अहो, आत आंघोळ चाललीय की जीर्णोद्धार?"

मग औषधाच्या दुकानदाराने, मी पुरते वाक्य बोलण्याच्या आतच, एक नळी पुढे सरकवली. "खाजेवर एकदम जालीम, साहेब. सगळे हेच नेतात." सगळे नेतात ही शिफारस ऐकून एरवी मी दुकान सोडले असते; त्या दिवशी मी दोन नळ्या घेतल्या. आठवडाभर स्वर्ग, आणि मलम थांबवताच पूर्वीपेक्षा दुप्पट आग. मी दोष कंपनीला दिला आणि दुसऱ्या कंपनीचे तेच मलम आणले. त्यात बुरशीचे, जंतूंचे आणि जोरकस स्टिरॉइडचे असे तीन औषधांचे कडबोळे असते, त्याने तिथली आधीच नाजूक असलेली त्वचा आणखी पातळ होते आणि बुरशी असेल तर ती झाकली जाऊन पसरते, हे मला फार नंतर कळले.

मधल्या काळात मी वाचन केले. एका रविवारी दुपारपर्यंत मला मधुमेह, सोरायसिस, खरूज आणि बुरशी झाली होती. संध्याकाळी शरीरसंबंधातून होणारे विकार वाचायला घेतले आणि जेवताना समोर बसलेल्या, इतकी वर्षे संसार केलेल्या बाईकडे मी तपासअधिकाऱ्याच्या नजरेने पाहिले. ती मान वर न करता म्हणाली, "काय बघताय? मीठ कमी पडलंय का?" विश्वस्तांच्या बैठकीत मी ताडकन उभा राहून नव्या दालनाच्या खर्चाला विरोध केला, त्याची वाहवा तुझ्याही कानावर आली असेल. पाचर, तो तत्त्वाचा प्रश्न नव्हता. मला बसवत नव्हते.

घरात मात्र हसण्यासारखे काही उरले नव्हते. रात्री वाचायचे आहे असे सांगून मी अभ्यासिकेत झोपू लागलो. तिला वाटले, मी रुसलो आहे. मग तिला वाटले, मला तिचा कंटाळा आला आहे. तिने विचारले नाही, मी सांगितले नाही, आणि दोन शहाणी माणसे एकाच घरात पाहुण्यासारखी वागू लागली. शेवटी तिनेच माझ्या हातातली नळी पाहिली, तिच्यावरची बारीक अक्षरे चष्मा लावून शेवटपर्यंत वाचली, आणि मला न विचारता त्वचारोगतज्ज्ञांची वेळ घेऊन टाकली. "दाढ दुखली की दवाखाना गाठता. ही कातडी काय परक्याची आहे?"

डॉक्टर निघाल्या बाई, माझ्या भाचीपेक्षा लहान, पायात कॅनव्हासचे बूट. मी मनातल्या मनात त्यांना नापास करून मोकळा झालो. त्यांनी माझी क्रमवार हकीकत ऐकून घेतली, तपासणी इतक्या सहजपणे केली की मला संकोचायला सवडच मिळाली नाही, आणि मग प्रश्न विचारले. घरात आणखी कोणाला खाज आहे का, बोटांच्या बेचक्यांत आहे का, कोपर-गुडघ्यांवर खवले आहेत का, नवे औषध, नवा धुण्याचा साबण, निरोध, साखर. मग, "घासता कशाने?" मी सांगितले. "सर, ती त्वचा आहे, फरशी नाही."

पुढे त्यांनी माझे काम विचारले आणि मी ते विस्ताराने सांगितले. त्या म्हणाल्या, "स्वच्छतागृहात गेल्यावर हात धुता ना?" मी म्हणालो, कोपरापर्यंत. "ते नंतर. आधी?" पाचर, विद्यापीठाच्या दोन पदव्या आणि एक प्रबंध यांच्या बळावर मी स्वतःच्या हातांकडे पाहिले. हा प्रश्न आजवर मला कोणीही विचारला नव्हता.

आता तुझ्या त्या जगप्रसिद्ध पद्धतीकडे येतो. लाकूड सांधायच्या इपॉक्सी गोंदाचे दोन भाग उघड्या अंगठ्याने मळायचे, कारण हातमोजा चढवला की बोटे आंधळी होतात, हे सूत्र तुझे, आणि तू गेल्यापासून मी ते गिरवत आलो. पद्धत उत्तम आहे. तुझे सांधे अजूनही केसभर हललेले नाहीत. परंतु चहाच्या सुट्टीत आपण बाकावरून उठून थेट कुठे जातो आणि हात कधी धुतो, याचा विचार कर. तळहाताची कातडी जाड, ती सोसते. तिकडची पातळ, ती तक्रार करते. बाईंनी नुसत्या तर्कावर विश्वास ठेवला नाही, हे मला आवडले. त्वचा खरवडून बुरशी आहे का ते पाहिले, रक्तातली साखर पाहिली, आणि माझ्या पाठीवर निरनिराळ्या पदार्थांच्या बारीक पट्ट्या चिकटवल्या. बाकी सगळे निर्दोष. इपॉक्सीची जागा मात्र शिक्का उठवल्यासारखी लाल. म्हणजे मूळ दुखणे ॲलर्जीचे, आणि त्यावर साबण व मलम यांची माझी स्वतःची भर.

उपचार ऐकून माझा अपमानच झाला, इतके ते साधे होते. साबण बंद, साधे पाणी, टिपून कोरडे करणे, थोडे दिवस एक सौम्य मलम, सैल सुती कपडे, रसायनाला दाद न देणारे हातमोजे, आणि हात आधीही धुणे. मी घरी येऊन हे सगळे सांगितले तेव्हा बायको हसून हसून जमिनीवर बसली. "म्हणजे वर्षभर शिकाऊ मुलांना ओरडत होता, जुनी वस्तू पुसताना हात हलका ठेवा म्हणून!" मी हरकत नोंदवली नाही. अभ्यासिकेतली गादी त्याच दिवशी गुंडाळली.

आता हे तुलाच का लिहिले, ते सांगतो. मागच्या खेपेस तू आमच्याकडे आलास तेव्हा पाठ धरली आहे म्हणून फडताळाला टेकून उभ्याने जेवलास, आणि नंतर माझी पुस्तकांची पेटी एकट्याने माळ्यावर चढवलीस. तुझी साबणदाणी आमच्या न्हाणीघरात राहिली; तिच्यात माझ्यासारखाच जंतुनाशक साबण होता. मी तेव्हा तुला पळपुटा ठरवले होते आणि तसे घरात बोललोही होतो. तो निकाल मी मागे घेतो. माझा तर्क असा, की आपल्याला काही घाणेरडा रोग जडला आहे, तो तिला लागेल किंवा ती भलतीच शंका घेईल, या भीतीने तू गप्प आहेस. माझे कारण तेच तुझे असे मात्र समजू नकोस. ती बुरशी असेल, साखर असेल, दोघांनी मिळून उपचार घ्यावा असा संसर्गही असेल. पांढरा, कडक किंवा बरा न होणारा चट्टा असेल तर उद्याच जा, कदाचित तुकडा काढून तपासावा लागेल. यांपैकी एकही कारण असे नाही की ज्यासाठी एका चांगल्या बाईला ताटकळत ठेवावे. काल जाताना ती म्हणाली, "माझ्यात काय खोट आहे, तेवढं तरी सांगायचं होतं त्यांनी." या तर्काविषयी मी तिला काही सांगितलेले नाही, बायकोलाही नाही, ते तुझे काम आहे आणि ते तू याच आठवड्यात करायचे आहेस. डॉक्टरांची वेळ कोणत्या दिवशीची मिळाली आणि तिच्याशी काय बोललास, हे दोन्ही मला लिहून कळव. फोन करू नकोस. फोनवर तू बेमालूम थापा मारतोस. कागदावर तुला त्या आजवर एकदाही साधलेल्या नाहीत.

तुझाच,
ओळंबा