बैलवाल्याची बाई

१२ फेब्रुवारी, बुधवार

शूटिंग माझ्याच घरात! म्हणजे माहेरी. हट्ट्याला.

संतोष संध्याकाळी दुकानात आला अन् झेरॉक्सच्या मशीनला टेकून उभा राहिला. म्हणाला, सिनेमावाले तांड्यावर आले होते, बैल पायजेत त्यांना. निजामाच्या काळातला सिनेमा आहे. पाठीवर गोण्या लादलेले बैल, जुना तांडा, असं काहीतरी. "घर बी मोठं घेतलंय त्यांनी, हट्ट्याचं..." मला तेवढ्यात कळलं. हट्ट्यात एवढं मोठं माळवदाचं घर एकच – रामप्रसाद पाटलांचं. बापूंचं.

"जाऊ नको म्हणशील तर न्हाई जात."

मी जा म्हणाले. काहून म्हणाले?

पाच वर्षं झाली लग्नाला. तांड्यातल्या पोराशी लग्न केलं म्हणून बापूंनी आरडाओरडा केला नाही, कोणाला मारायला पाठवलं नाही. माझे कपडे खताच्या पोत्यात भरून सालगड्याच्या हाती वारंगा फाट्यावर पाठवून दिले. पोत्याचं तोंड सुतळीनं नीट शिवलेलं. बस्स. माय तेवढी शेजारच्या संगिताच्या फोनवरून सणावाराला बोलायची. दिवाळीपासून तेही बंद. संगिता माझा फोन उचलत नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

दिवसभर दुकानात लक्ष नाही. एकाला आधारकार्डाची मागचीच बाजू दोनदा काढून दिली. तो चिडला.

बापूंनी ओळखलं तर? त्यांनी संतोषला कधी पाहिलेलं नाही. पाहायचंच नव्हतं त्यांना. पण गावातलं कोणी सांगितलं तर?

संतोष आला एकदाचा. बैल तिथंच बांधलेत, हा रोज जाऊन येऊन करणार. "बैलवाले म्हणत्यात मला. तुझे बापू बी तेच म्हनले. बैलवाले, गाईच्या दावणीला बैल बांधू नका."

एवढंच! मला हसू आलं. मग भाकरी थापता थापता रडू.

१५ फेब्रुवारी

सिनेमाची गोष्ट विचारली. मोठ्या घराचा पोरगा तांड्याच्या पोरीवर जीव लावतो, लग्न करून घरी आणतो, बाप दार लावून घेतो. शेवटी बाप मानतो.

याडी चुलीपुढं बसून ऐकत होती. माझी सासू, रूपाबाई. म्हणाली, "सिनेमात पोरगी वर जाती. आमच्याकडं पोरगी खाली आली. ह्याचा काढा म्हनावं सिनेमा!" अन् एकटीच खूप हसली. मी नाही हसले. खाली म्हणजे काय?

१८ फेब्रुवारी, मंगळवार

संतोषचा डबा तसाच परत. "तिथंच जेवलो." मायबद्दल विचारलं – दिसली का? "दिसली. लांबून." अन् नजर दुसरीकडं. त्याला खोटं बोलता येत नाही, हीच पंचाईत.

त्याच्या हाताला तेलाचा वास. औषधी तेल, अंग चोळायचं. लागलं का कुठं, विचारलं. न्हाई म्हणाला.

मग धडकीच भरली. "माय हाय ना? खरं सांग!"

"हाय. जित्ती हाय."

असं कोणी सांगतं का!

२० फेब्रुवारी

तो रोज माझ्या घरात जातो. माझ्या अंगणात बसतो. मी इथं फाट्यावर लोकांचे सातबारे छापत बसते. हेवा वाटून राहिला, खरं सांगायचं तर. अन् भीती. त्यांनी ओळखलंच असेल तर? 'तिला सोड, जमीन देतो' असं काही म्हणाले असतील तर? मनात काय काय येतं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

नणंद, मिना, सांगत आली – लग्नाच्या वरातीत तांड्याच्या बाया पायजेत सिनेमावाल्यांना. सोमवारी गाडी येणार. मी म्हणाले, मी पण येते.

संतोष ताडकन उठला. "तू नको."

"मी काहून नको?"

"तुला तकलीफ होईल."

"माझ्या घरी जायची मला तकलीफ?"

तो बाहेर निघून गेला. जेवलाही नाही. पाच वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

याडीनं तिची जुनी फेटिया-कांचळी, तांड्यातली घागरा-चोळी, पेटीतून काढली. आरशांची, जड. म्हणाली, "तोंड झाक. पण ताठ चाल. लग्नाला चालली तू."

२५ फेब्रुवारी, मंगळवार

कालचं आज लिहिते. काल हात चालत नव्हता.

घर ओळखूच येईना. भिंतींना जुना दिसेल असा रंग, विजेच्या तारा झाकलेल्या, दारात मशाली. आम्ही बाया नवरीच्या मागं. ओढणी तोंडावर. मिनानं हात धरला होता, चांगलं झालं.

बापू अंगणात खुर्चीवर. किती वाळलेत! एक पोरगेला माणूस आला अन् म्हणाला, काका, जरा बाजूला, फ्रेममध्ये येताय. बापू उठले, खुर्ची उचलली, बाजूला जाऊन बसले. थोड्या वेळानं तो परत आला – काका, अजून थोडं. परत उठले. माझे बापू! ज्यांच्यासाठी गावची बैठक थांबायची.

दार ओलांडायचं, थांबायचं, परत बाहेर यायचं. परत ओलांडायचं. पाच वर्षं जे दार मिळालं नाही, ते काल नुसतं आत-बाहेर, आत-बाहेर. जेवणाची सुट्टी झाली तेव्हा मी गोठ्याकडून मागं गेले. पाय आपोआप गेले. माझ्या खोलीतून आवाज येत होता.

माय खाटेवर होती. उजवी बाजू गेलेली. तोंड एकीकडं ओढलेलं. संतोषनं तिला खाकेत हात घालून उचलून धरलं होतं अन् बापू तिच्या खालची चादर ओढून काढत होते. दोघं. एकमेकांकडं न बघता, रोजचं काम असल्यासारखे.

बापूंनी मला पाहिलं. "कोण गं ती? इकडं कुठं आली?"

संतोषचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं संपलं सगळं. तो म्हणाला, "आमच्या तांड्याची हाय, मालक."

"मग उभी काहून? हात लाव. पाय धर तिचे."

मी मायचे पाय धरले. थंड होते. बापू माझ्या इतक्या जवळ की त्यांच्या सदऱ्याचा वास येत होता. मी श्वास कोंडून धरला. एक शब्द निघाला असता तर आवाज ओळखला असता त्यांनी. मायचा डावा हात आला अन् माझी ओढणी घट्ट धरली. सोडेच ना. घशातून काहीतरी आवाज काढून राहिली. डोळ्यांत पाणी.

बापू म्हणाले, "तिचं असंच हाय. कोनाला बी धरती."

बाहेर आले तर सिनेमावाली बाई ओरडली, अहो मावशी, रडू नका, लग्न आहे!

२६ फेब्रुवारी

संतोषशी भांडले. खूप भांडले. मला काहून सांगितलं नाही?

तो खाली बसला. म्हणाला, दिवाळीतच झटका आला होता तिला. कामाला ठेवलेल्या बाया टिकल्या नाहीत. माझा दादा पुण्याहून नुसते पैसे पाठवतो. गावातल्या कोणाला माय अशी दिसू नये म्हणून बापू शेजारच्यांनाही आत घेत नाहीत, संगितालाही दम दिलाय. पहिल्याच दिवशी त्यांना एकट्याला उचलवेना, तेव्हा ओट्यावरून हाक मारली – ए बैलवाले, जरा ये. हा गेला. नाव विचारलं नाही, यानं सांगितलं नाही.

"तुला सांगितलं असतं तर तू पळत गेली असती. त्यांनी दोघांनाबी हाकललं असतं. मग तिला कूस कोन बदलून देणार?"

भाकर वाढली. दोघं एका ताटात जेवलो.

३ मार्च, सोमवार

शूटिंग संपलं. संतोष सांगत होता – शेवटचा सीन होता. सिनेमातला बाप मोठं भाषण करतो, सुनेला पोटाशी धरतो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बापू याच्या शेजारी उभे राहून बघत होते. म्हणाले, "असं होत असतं व्हय?" अन् आत गेले.

बापूंनी याला विचारलंय – बैल गेले तरी येत जा, रोजंदारी देतो. अन् ती बाई बी आण. हिचं तिच्याशी जमतंय.

ती बाई म्हणजे मी!

६ मार्च

जायला लागले. दुकान दुपारपर्यंत मिना बघते. संतोष मोटारसायकल सोडून पिकअप घेतो आता, माझ्यामुळं. मायला उचलून दिलं की तो बाहेर गाडीत जाऊन बसतो. मी आत. ओढणी नाकापर्यंत. बोलायचं नाही, नुसती मान हलवायची. बापू 'बैलवाल्याची बाई' म्हणतात. त्यांना वाटत असेल मुकी आहे.

स्वयंपाकघरात माझा हात सरळ मिठाच्या बरणीकडं जातो. जपावं लागतं. कुठं काय आहे हे माहीत नसल्यासारखं शोधावं लागतं.

माझ्या हातचं पाणी घेत नाहीत. माठातून स्वतः घेतात. घेवोत.

११ मार्च, मंगळवार

आज जीव जाता जाता राहिला. मायला पेज भरवत होते. ती अचानक माझ्या तोंडाकडं बघत – "सा... सा..." म्हणायला लागली. मोठ्यानं! बापू दारातच. मी तिच्या तोंडाला चमचा लावला तरी थांबेना. "सा... सा..."

बापू खाटेजवळ आले. मग म्हणाले, "साखर मागती." अन् जाऊन साखरेचा डबा घेऊन आले. स्वतः पेजेत घातली.

घरी येताना गाडीत सगळं सांगितलं. संतोष म्हणाला, बंद करू या का हे? मी नाही म्हणाले. पण एक दिवस ती माझं अख्खं नाव घेईल. तेव्हा?

१४ मार्च, धुळवड

तांड्यात रात्रीपासून लेंगीची गाणी, नाच. मी गेले नाही. सणाला आज तिथंही सुट्टी. मायची कूस आज कोण बदलत असेल?

२० मार्च

मायचं बोट हललं. उजवं! मी ओरडणारच होते, ओठ चावला. बापूंना हातानं खूण करून दाखवलं. ते खाटेवर वाकले, बराच वेळ त्या बोटाकडं बघत राहिले. मग चहा करायला सांगितला. केला. घेतला त्यांनी – माझ्या हातचा. बशीत ओतून, फुंकून.

मी न्हाणीत जाऊन उभी राहिले. कळेना, आनंद आहे का धास्ती. बैलवाल्याच्या बाईचा चहा चालला त्यांना. उद्या कळलं तर हाच चहा बाहेर येईल.

२७ मार्च, गुरुवार

निघताना बापू मायच्या अंगावर पांघरूण सारखं करत होते. माझ्याकडं न बघता म्हणाले, "ऊन वाढलंय. संतोषला म्हनावं, बाहेर गाडीत नको बसत जाऊ. आत ये."

त्यांनी नाव कधी विचारलं नव्हतं. आम्ही कधी सांगितलं नव्हतं.