मधला खांब

१२ जानेवारी

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मी ओरडून बोलले की पिल्लू दचकते, म्हणून पत्र.

जुनं घर घेऊ, सुट्टीच्या दिवशी थोडं थोडं करत आपल्या हातांनी नवं करू, असं म्हणाले होते ना तुमचे जावई? पाच महिने झाले. स्वयंपाकघराची फरशी उखडून ठेवली आहे, नवी बसलेली नाही. ओटा अर्धाच. मी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून भाजी चिरते आणि पिल्लू चौथीवर बसून अभ्यास करते. डब्यात सिमेंट, उशीत सिमेंट, काल तर चहात.

गवंडी बोलावू म्हटलं की यांचा चेहरा उतरतो. छापखान्यात दिवसभर दुसऱ्यांच्या चुका तपासणारा माणूस, पण घरात स्वतःची एक चूक दाखवून घेत नाही. परवा खालच्या बैठकीतला मधला खांब कापून काढला. जागा मोठी झाली हे खरं, पण भुसा अजून निघतोय. मागे तुम्ही कपाटाबद्दल चार सूचना कळवल्यात तर यांनी दोन दिवस हातोडीला हात लावला नाही. तेव्हा कृपा करून आता सल्ले पाठवू नका.

स्वतःला जपा, आणि आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची वैतागलेली,
मनी


१५ जानेवारी

ती. बाबांना,
सा. न.

हे पत्र मनीला न सांगता छापखान्यातून लिहितो आहे. चाळीस वर्षं सुतारकाम केलेल्या माणसाला विचारायला मला पाच महिने लागले, त्याबद्दल काय बोलायचं ते आधी बोलून घ्या.

बैठकीतला खांब मला नुसता शोभेचा वाटला. आता वरच्या खोलीची लाकडी जमीन मधोमध दोन बोटं खचली आहे. चेंडू कुठेही ठेवला तरी तिथे येऊन थांबतो. पिल्लूला गंमत वाटते. मनीला मी सांगितलं, जुनी घरं अशीच असतात. आम्ही तिघं त्याच खोलीत झोपतो, म्हणजे त्या दोघी झोपतात.

रागावलात तरी चालेल, पण उत्तर द्या.

तुमचा,
जावई


१९ जानेवारी

चि. जावईबापूंस,
अ. आ.

तुमचं पत्र आज हाती पडलं. अहो, असलं काही टपालाने कळवतात? शेजारच्या बाईंना मधे घालून लगेच मनीला फोन लावला. वर कुणी झोपायचं नाही, खाली बैठकीत कुणी फिरकायचं नाही, असा निरोप दिला. कारण सांगितलं नाही. बाबांना वयामुळे काहीबाही सुचतंय, असं ती बाईंना म्हणाली म्हणे. तेही ऐकून घेतलं.

परवाच्या गाडीने येतो. कदाचित पत्राच्या आधीच पोचेन, तरी लिहितो, कारण समोर बोलायला लागलो तर तोंडून भलतंच निघेल. मी यायच्या आत मनीला सगळं खरं सांगा. खांब परत उभा करता येतो. बाकीचं मला जमत नाही.

पोरीला पापा.

बाबा


८ फेब्रुवारी

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलात ना? नवा खांब ठणठणीत आहे, चेंडू आता जागेवर राहतो. पण माझा राग अजून पुरता उतरलेला नाही. माझी लेक त्या जमिनीवर झोपत होती आणि ते यांना एकट्यांना माहीत होतं! तुम्ही यायच्या आदल्या संध्याकाळी यांनी आपणहून सांगितलं, आणि मी पिशवी भरली. दोन दिवस मैत्रिणीकडे जाऊन राहिले, ते तुम्ही पाहिलंतच. आणि तुम्हीही फोनवर कारण लपवलंत. मी तुम्हाला म्हातारचळ लागलाय असं समजले.

एक विचारायचं राहिलं. नऊ दिवस करवत यांच्या हातात होती आणि तुम्ही स्टुलावर बसून होतात. तुम्ही दुसऱ्याच्या हाती करवत दिलेली मी जन्मात पाहिली नाही. यांना विचारलं तर म्हणतात, बाबांनाच विचार. झालं, पुन्हा तेच!

राग आहे तशीच मायाही आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे.

मनी


१३ फेब्रुवारी

चि. मनीस,
अ. आ.

अक्षर बघ, म्हणजे कळेल. माझी पत्रं शेजारच्या बाई लिहून देतात; हे मी स्वतः लिहिलं, एवढंसं लिहायला दोन दिवस लागले. उजवा हात थरथरतो, वर्ष झालं. पहिल्या दिवशी खांबावर खूण करायला गेलो आणि रेघ भलतीकडेच गेली. जावईबापूंनी पाहिलं. माझ्या हातातली पेन्सिल अशी घेतली, जणू त्यांचीच पाळी होती. तुला सांगू नका, असं मीच म्हणालो. बायकोपासून लपवू नका म्हणून ज्यांना झापलं, त्यांनाच पुन्हा लपवायला लावलं. लाज वाटते. त्यांना बोलू नकोस.

बाबा


२० फेब्रुवारी

ती. बाबांना,
सा. न.

तुम्ही दोघांनी मिळून मला वेड लावायचं ठरवलंय. रागावून झालं, रडून झालं. आता मी विचारत नाही, सांगते आहे. मागची खोली तुमची. हे सोमवारी रजा काढून तुम्हाला आणायला येतील.

त्या खोलीला खिडकी नाही. भिंत फोडता येईल का, ते यांनी एका जाणकाराला आणून आधी विचारून घेतलं, तेही माझ्यासमोर. पण ऊन तुमच्या तोंडावर यावं की पाठीवर, यावरून आमचं वाजलंय. भिंतीवर खडूने एक चौकोन यांनी काढलाय, एक मी. तिसरा पिल्लूने काढलाय, अगदी जमिनीलगत, आजोबा आडवे झाले तरी त्यांना बाहेरचं दिसावं म्हणून.

तुम्ही येईपर्यंत भिंतीला कुणी हात लावणार नाही.

मनी