सुनंदाबाईंची साक्ष

लातूर, मंगळवार संध्याकाळ

मूकबधिर शाळेत इतकी वर्षं शिकवते, पण कोर्टात दुभाषी म्हणून आज पहिल्यांदाच उभी राहिले. रेणापूरच्या सुनंदाबाईंना ऐकू येत नाही, बोलताही येत नाही. नवरा गेल्यापासून त्यांच्या वतीने दीरच बोलायचा. आजही म्हणाला, "वहिनीला घरात हिस्सा नको हाय साहेब. आमाला कळतंय तिचं." न्यायाधीशांनी त्याला खाली बसवलं आणि मला बोलावलं.

बाई शाळेत गेलेल्या नाहीत. त्यांच्या खुणा घरच्या, माझ्या शिकलेल्या. दोन्ही हातांनी त्यांनी छप्पर केलं, मग तळवा छातीवर दाबला. मी सांगितलं, "त्यांना घर हवं आहे." टायपिंग सुरू झालं. तळवा मात्र छातीवरून हलेना. चुकले का मी? परवानगी घेऊन खुणेनं परत विचारलं, हवंय?

त्यांनी जोरात नकार दिला. विटा रचल्याची, भिंत लिंपल्याची खूण केली, आणि पुन्हा तोच तळवा.

"साहेब, माझी चूक झाली. घर माझंच आहे, असं त्या म्हणतात."

साहेबांनी जबानीत दुरुस्ती करून घेतली. दीर मान खाली घालून बसला होता.

घरी आल्यापासून जेवण जात नाही. परत विचारलं नसतं, तर माझ्या तोंडून त्या स्वतःचंच घर मागायला आलेल्या ठरल्या असत्या.