मोहाच्या बियांचं पोतं

बाबा, उमरेडकडच्या जंगलातला तुमचा तो मोठा मोह गेल्या वर्षी रस्त्याच्या कामात गेला. रोपवाटिकेत मजुरीला असताना तुम्ही रोज दुपारी त्याच्याखाली बसून भाकर खायचात. ऐन, धावडा, तेंदू तर आधीच गेले होते. आता तिथे सागाच्या सरळ रांगा आहेत आणि कागदावर त्यालाच जंगल म्हणतात. म्हणोत बापडे.

मी सातवीत असताना त्या मोहाच्या बिया रिकाम्या डब्यात लपवल्या होत्या, पुढच्या पावसाळ्यात स्वतः पेरायच्या म्हणून. अजून डोळ्यांपुढे आहे: दिवाळीची साफसफाई चालली आहे, तुम्ही झाकण उघडता, खवट वास घरभर पसरतो आणि तुम्ही डबा अंगणात उपडा करता. "काहून कोंडून ठेवल्या वं ह्या? तेलाचं बी हाय, दम नाही धरत. पडलं का लगेच मातीत गेलं पाहिजे!" त्या दिवशी रागानं मी जेवले नाही. तुम्हीही जेवला नव्हतात, हे आईनं फार उशिरा सांगितलं.

आणि बघा, तुमचीच पोरगी! वृक्षलागवडीची अधिकारी झाले, शहरात सदरला ऑफिस. झाड पडणार कळल्यावर मी स्वतः जाऊन पोतंभर बिया वेचल्या. त्या झाडाचं तेवढंच उरणार होतं. पण रोपांच्या पिशव्यांची मंजुरी अडकली होती, म्हणून पोतं कपाटात ठेवलं. हुडकेश्वरच्या आपल्या घरामागे जागा होती, फुटक्या बादल्या होत्या, कुठंही पेरता आल्या असत्या. पण मी साहेब ना! फाईल येऊ दे म्हटलं. पिशव्या आल्या दिवाळीच्या तोंडावर. पोतं सोडलं, तर तोच वास. तरी पेरल्या. एकही उगवली नाही, बाबा. तुमच्या झाडाचा वंश मी कपाटात मारला.

मग काटोलकडून मोहाची रोपं विकत आणली. त्यातलं एक घरामागे लावलं. आईनं त्याच्या पानांवरून हात फिरवला. "तुह्या बाबाच्या झाडाचं होय न वं हे?"

"हो," मी म्हटलं.

तेव्हापासून ती रोज चहाच्या आधी त्याला पाणी घालते आणि तुमच्याशी बोलत बसते. मी स्वयंपाकघरातून ऐकत राहते. हे पत्र आता पिठाच्या डब्यामागे ठेवते आहे. तिला वाचता येत नाही, तरी लपवते आहे.